किडनीचा आजार आणि कोकणातलं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा दोन कागद असतात. एक रक्ताचा रिपोर्ट आणि दुसरी कुणाकडून तरी मिळालेली झेरॉक्स. त्या झेरॉक्सवर मासे बंद, डाळ बंद, फळं बंद, खोबरं बंद असं लिहिलेलं असतं. कोकणातल्या ताटातून एवढं काढलं की भात तेवढा उरतो. किडनीच्या रुग्णांच्या आहाराचं काम करताना जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतात ते इथे एकत्र केले आहेत. वाचताना आपला ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. बहुतेक उत्तरं त्यातल्या आकड्यांवर अवलंबून आहेत.

शेजारच्या काकांना दिलेलं पथ्य मलाही चालेल का?

नाही. किडनी किती काम करते आहे ते ईजीएफआर या आकड्यावरून कळतं. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर दीर्घकालीन आजार धरतात. १५ च्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचं बोलणं सुरू होतं. पण पथ्य एवढ्यावर ठरत नाही. रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस, लघवीतून जाणारं प्रथिन, साखर, रक्तदाब, वजन, पायांवरची सूज, हे सगळं बघावं लागतं.

समजा दोघांचा ईजीएफआर ४० आहे. एकाचं पोटॅशियम ४.२ आहे, त्याची फळं तोडण्याचं काही कारण नाही. दुसऱ्याचं ५.९ आहे, त्याला अर्धं केळंही विचारून खावं लागेल. पूर्वी आजार कळला की सरसकट फळं-भाज्या कमी करायला सांगत. आता तसं सांगत नाहीत. पोटॅशियम ताब्यात असेल तर भाज्या, फळं आणि डाळी असलेला आहार किडनीला चांगलाच असतो. म्हणून काकांची यादी काकांकडेच राहू द्या.

क्रिएटिनिन वाढलं आहे. मासे बंद करायचे का?

क्रिएटिनिन म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ. मासे बंद का, हे विचारताना लोकांचा चेहरा पडलेला असतो, म्हणून उत्तर आधी सांगते: ताजे मासे बंद करायचे नाहीत, मोजून खायचे.

डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात. माणूस ६० किलोचा असेल तर दिवसाला ४८ ग्रॅम. आता हे ताटात मांडून बघू. दिवसभरात २०० ग्रॅम तांदूळ, मग तो भात असो, पेज असो की भाकरी, साधारण १५ ग्रॅम प्रथिनं देतो. ३० ग्रॅम डाळीतून ७ ग्रॅम मिळतात. २०० मिलिलिटर दूध किंवा तेवढ्याचं दही ६ ग्रॅम. भाज्यांतून ४-५ ग्रॅम. बेरीज झाली ३३. उरलेले १५ ग्रॅम साफ केलेल्या ७५-८० ग्रॅम माशातून येतात, म्हणजे बांगड्याच्या किंवा सुरमईच्या एका बऱ्यापैकी तुकडीतून. बसलं सगळं.

अडचण होते ती रविवारी. सकाळी दोन अंडी, दुपारी तळलेल्या चार तुकड्या आणि वर कोळंबीचं कालवण, रात्री उरलेलं कोंबडीचं. ते प्रमाण किडनीवर ताण टाकतं. ओल्या बोंबलात पाण्याचा अंश खूप असतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सुरमईपेक्षा त्यात प्रथिनं बरीच कमी. ज्यांना ताटात मासा भरपूर दिसल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्यांना मी बोंबील सुचवते. मात्र रव्यात घोळवून तळताना मीठ हात राखून.

काही डॉक्टर ०.८ पेक्षाही कमी प्रथिनं सांगतात. तसा आहार आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नका. पोटाला पुरेसं मिळालं नाही की शरीर स्वतःचे स्नायू वापरू लागतं. वजन उतरतं आणि आजारी माणूस आणखी खचतो.

आणि सुकी मासळी?

इथे मात्र मी कठोर आहे. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, बाजारात ताजी मासळी कमी आणि महाग. घराघरात बेगमी केलेली असते ती सुकट, जवळा, सोडे, सुके बोंबील आणि खाऱ्या बांगड्याची. त्याच दिवसांत लोणच्याची बरणी उघडते, पापड-मिरगुंडं तळली जातात, खारातले गरे बाहेर निघतात. मग कुणाच्या पायांवर सूज येते, कुणाचा रक्तदाब चढतो, आणि घरचे म्हणतात, पावसाळी हवा बाधली. हवा बाधलेली नसते, मीठ बाधलेलं असतं.

खारा बांगडा गरम पाण्यात दोन-तीनदा भिजवून पाणी टाकलं तर थोडं मीठ निघतं, पुरेसं निघत नाही. सुकट-जवळा सालाकाट्यासकट खाल्ला जातो, त्यामुळे फॉस्फरसही जास्त. पावसाळ्यात प्रथिनांसाठी अंड्याचा पांढरा भाग, मूग, मसूर किंवा खाडीची ताजी मासळी मिळाली तर ती, असा विचार आधीच करून ठेवा. जवळ्याची चटणी जिभेवर ठेवण्यापुरती, तीही रक्तदाब आणि सूज ताब्यात असेल तेव्हाच.

मीठ किती चालतं? सैंधव वापरलं तर?

दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाजीतलं, आमटीतलं, पिठातलं, लोणच्या-पापडातलं सगळं आलं. घरी मोजायची सोपी युक्ती सांगते. मिठाच्या पिशवीवर फोडल्याची तारीख लिहा. चार माणसांच्या घरात एक किलो मीठ निदान ५० दिवस पुरलं पाहिजे. पंचवीस दिवसांत संपलं तर घरातला प्रत्येक माणूस दुप्पट खातो आहे, आणि लोणची, पापड, सुकी मासळी, बेकरीची बिस्किटं यांतलं मीठ या हिशेबात आलेलंच नाही.

सैंधव हेही मीठच. रंग वेगळा, सोडियम जवळपास तेवढंच. त्याहून धोक्याचं आहे ते ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चालत असेल, किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.

मीठ कमी केल्यावर जेवण अळणी लागतं, पण दोन-तीन आठवड्यांत जीभ बदलते. आपल्या स्वयंपाकात मीठाची उणीव भरून काढणाऱ्या गोष्टी आधीपासून आहेत: तिरफळ, लसूण, आलं, मिरी, कढीपत्ता, कोकम, लिंबू. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नीट ठेचून घाला आणि मीठ निम्मं करून बघा.

शहाळ्याचा पाणी म्हणजे औषध. ता कित्याक बंद?

कारण जे ताकद म्हणून दिलं जातं तेच इथे घात करतं. एका मध्यम शहाळ्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, कधी जास्तही. ज्यांना पोटॅशियम आवरायला सांगितलं आहे त्यांना दिवसभराच्या सगळ्या जेवणाखाण्यातून २००० ते २५०० मिलिग्रॅम मिळून चालतं. त्यातला पाचवा हिस्सा पाच मिनिटांत पोटात जातो. निरोगी किडनी जादा पोटॅशियम लघवीतून काढून टाकते. आजारी किडनीला ते जमत नाही. रक्तात ते साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि बऱ्याचदा त्याआधी काहीच जाणवत नाही. कधी हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटतं, तर घरचे अशक्तपणा समजून आणखी एक शहाळं फोडतात.

भेटायला येणारा पाहुणा शहाळी घेऊन येतोच. त्याला वाईट वाटू नये म्हणून पिऊ नका. घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं आणि आलेली शहाळी मुलांना द्यावीत.

ओलं खोबरं वेगळं. वाटणातलं किंवा भाजीवर पेरलेलं एक-दोन चमचे खोबरं बहुतेकांना चालतं. अख्ख्या नारळाचा रस काढून केलेलं कालवण वाटीभर पिणं चालत नाही.

सोलकढी?

दोन ठिकाणी बघा. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ ठासून असतं आणि नारळाच्या रसात पोटॅशियम. आमसुलं भिजवून, वरून मीठ न घालता, रस पातळ ठेवून केलेली अर्धी वाटी अधूनमधून बहुतेकांना चालू शकते. हॉटेलातला ग्लास नको.

आंबा, फणस, काजू… मे महिन्यात काय करायचं?

पोटॅशियम ताब्यात असेल तर हापूसच्या दोन-तीन फोडी खा, मनापासून खा. १०० ग्रॅम आंब्यात साधारण १७० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. फणसाच्या गऱ्यांत त्याच्या अडीचपट, म्हणून फणस कापा असो की बरका, पोटॅशियम वाढलेल्यांनी लांबच राहावं. आठळ्याही त्यातच. आमरसात तीन आंब्यांचा गर एका वाटीत येतो, तेव्हा रस नको, फोडी बऱ्या. आंबापोळी, फणसपोळी म्हणजे आटवलेलं फळ, त्यात सगळंच एकवटलेलं. काजूत पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर. ओल्या काजूंची उसळ वर्षातून एकदा होते हे मला ठाऊक आहे, दोन चमचे वाढून घ्या.

जास्त मोकळेपणाने खाता येतील अशी फळं: जांभूळ, अननसाची फोड, सफरचंद, पपईचा लहान तुकडा. मधुमेह असेल तर तेही दिवसाला एखादी वाटी.

परसातली बिंबलं आणि कमरख चालतात ना? घरचीच आहेत.

कमरख म्हणजे आडवं कापल्यावर चांदणीसारख्या फोडी पडणारं आंबट फळ. काही गावांत त्याला करंबळ म्हणतात. किडनीच्या रुग्णाने हे फळ एक फोडसुद्धा खाऊ नये. त्यात मेंदूवर परिणाम करणारं एक द्रव्य असतं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ते वेगळं करून दाखवलं आणि त्याला कॅरॅम्बॉक्सिन नाव दिलं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. आजारी किडनी असलेल्या माणसाला न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, मृत्यूही झालेले आहेत. फळ खाल्ल्यानंतर उचकी थांबत नसेल तर घरगुती उपाय करत बसू नका, डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि काय खाल्लं ते सांगा.

बिंबलं, म्हणजे बिलिंबी, त्याच कुळातलं. खोडाला लगडणारी ही हिरवी फळं माशाच्या कालवणात आंबटासाठी टाकतात. त्यांत ऑक्झॅलेट हे किडनीत साचणारं द्रव्य फार असतं. कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून त्यांचा रस प्यायलेल्या लोकांच्या चांगल्या किडन्या अचानक बिघडल्याची उदाहरणं केरळात नोंदली गेली आहेत. आंबटासाठी कोकम आहे, बिंबलं राहू द्या.

कुळथाने किडनी साफ होते, खरं का?

कुळथाचं नाव मूतखड्याशी जोडलेलं आहे, आणि मूतखडा व किडनी निकामी होणं हे दोन वेगळे आजार आहेत. मूतखड्याच्या माणसाला भरपूर पाणी प्या सांगतात. किडनीचं काम फार कमी झालेल्या माणसाला तेच पाणी फुफ्फुसांत जाऊन बसतं. कुळीथ हे कडधान्य आहे. त्यात प्रथिनं आणि पोटॅशियम आहे. वाटीभर पिठी डाळीच्या जागी चालेल, डाळीच्या जोडीला नको. सकाळी उपाशीपोटी कुळथाचं कढण घेऊन किडनी सुधारत नाही.

तीच गोष्ट भस्मांची आणि अनोळखी काढ्यांची. काही भस्मांत शिसं, पारा यांसारखे धातू असतात. आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून स्वतःच आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पथ्याची सगळी मेहनत वाया घालवतात.

भाज्यांतलं पोटॅशियम कमी कसं करायचं?

सोलून बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका, मग फोडणीला टाका. नुसतं भिजवण्यापेक्षा उकळण्याने जास्त निघतं. ते पाणी आमटीत घालायचं नाही. बायकांना हे फार जड जातं, कारण भाजीचं पाणी फेकू नये हे आईने शिकवलेलं असतं. बटाटा, सुरण, रताळं, अळू, लाल माठ यांना हे करावंच लागतं. दुधी, पडवळ, शिराळं, तोंडली, कोबी, काकडी यांत पोटॅशियम मुळात कमी, तिथे एवढी खटपट नको. पोटॅशियम ठीक असणाऱ्यांनी हे काहीच करू नये.

दिवसाला पाणी किती प्यायचं?

सूज नसेल आणि लघवी नीट होत असेल तर तहानेप्रमाणे. डायलिसिसवर असाल किंवा डॉक्टरांनी पाणी मोजायला सांगितलं असेल तर साधा हिशेब: काल २४ तासांत जेवढी लघवी झाली, तेवढं अधिक साधारण ५०० मिलिलिटर.

आपल्याकडे गफलत होते ती पेजेत. ‘पाणी फक्त दोन ग्लास प्यायलो’ म्हणणारा माणूस सकाळी मोठा वाडगा पेज, दुपारी आमटी, ताक, संध्याकाळी दोन कप चहा असं सगळं घेतलेला असतो. ते सगळं पाणीच आहे. पेजेऐवजी मऊ भात घ्या. सकाळीच एका बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवा, जे काही पातळ पोटात जाईल तेवढं त्यातून ओतून टाका. घामाच्या दिवसांत तोंड सुकतं तेव्हा चूळ भरा, बर्फाचा लहान खडा चघळा. आणि मीठ आवरलं की तहान आपोआप कमी होते.

मधुमेहही आहे. साखर एकदम उतरली तर?

किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे साखर उतरण्याचे प्रसंग वाढतात. त्या वेळी तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात द्या. शहाळं, मोसंबीचा रस, केळं देऊ नका. नंतर डॉक्टरांकडून औषधाचा डोस तपासून घ्या.

डायलिसिस सुरू झालं. आता तुम्हीच म्हणता जास्त खा?

हो, आणि यात विसंगती नाही. डायलिसिसमध्ये रक्तातल्या टाकाऊ द्रव्यांबरोबर प्रथिनांचे घटकही वाहून जातात. म्हणून आता दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एक-दोन अंड्यांचा पांढरा भाग रोज, माशाची तुकडी एकाऐवजी दोन. जुनं पथ्य तसंच चालू ठेवून हाडांचा सापळा झालेली माणसं मी पाहिली आहेत. घरच्यांनी मनापासूनच केलेलं असतं, फक्त कागद बदलल्याचं कुणी सांगितलेलं नसतं.

मीठ, पाणी, पोटॅशियम आणि फॉस्फरस मात्र इथेही मोजायचं. फॉस्फरससाठी दिलेली गोळी जेवतानाच घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर तिचा उपयोग नाही, कारण अन्नातलं फॉस्फरस धरून ठेवणं हेच तिचं काम. काळी शीतपेयं आणि टिकवण्यासाठी प्रक्रिया केलेलं पाकीटबंद मांस टाळा. त्यांत मिसळलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं, डाळीतलं तेवढं शोषलं जात नाही.

गणपतीत मोदक आणि उपवास?

उकडीचे एक-दोन मोदक खा. तांदळाची पिठी निरुपद्रवी आहे. सारणातला गूळ थोडा कमी करा, कारण गुळात पोटॅशियम असतं. मधुमेह असेल तर एकावर थांबा. ऋषीची भाजी, अळू-सुरण-माठ घातलेली, पोटॅशियम वाढलेल्यांनी प्रसादापुरतीच चाखावी.

उपवासाची मला जास्त काळजी वाटते. बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळं, खजूर: आपण उपवासाला नेमकं तेच जमवतो जे वर्ज्य आहे. करायचाच असेल तर वरीचे तांदूळ, किंवा दाण्याचा कूट नाममात्र घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि काकडी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि डायलिसिसवर असणाऱ्यांनी करू नये. बहुतेक आज्यांना मी सांगते, यंदा सुनेला करू द्या, तुम्ही पोथी वाचा. बऱ्याच जणी ऐकतात.

तोंडाला चवच नाही, दोन घास जात नाहीत.

हे लपवू नका. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान खाणी करा. घावन, आंबोळी, तूप घातलेला मऊ भात, शिरा. तांदळाचे पदार्थ पोटॅशियमला हलके आणि पोटाला सोपे. महिन्यात दोन किलो वजन उतरलं, किंवा ओकारी, तोंडाला धातूसारखी चव असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आहारतज्ज्ञ कुठे भेटतील? पहिल्या भेटीला काय न्यायचं?

डायलिसिस केंद्रात आधी विचारा. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून राबवला जातो. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथली जिल्हा रुग्णालयं तुम्हाला जवळची. तिथे आहाराबद्दल कोण बोलतं ते विचारून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च बसतो, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. तपासणीसाठी मुंबईला किंवा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जात असाल तर त्याच फेरीत डॉक्टरांकडून आहारतज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी मागा, म्हणजे एसटीचं दुसरं भाडं वाचेल. खासगीत जाताना पदवी विचारायला संकोच करू नका. नावापुढे ‘आरडी’ असेल तर ते इंडियन डायटेटिक असोसिएशनकडे नोंदणी झालेले आहारतज्ज्ञ.

बरोबर न्या: मागच्या तीन रिपोर्टांच्या प्रती, सगळ्या औषधांची पाकिटं काढ्यांसकट, आणि तीन दिवसांत जे खाल्लं-प्यायलं त्याची खरी नोंद. त्यातला एक दिवस रविवार असू द्या. आणि घरात जी व्यक्ती रांधते तिला बरोबर आणा. भाऊंना सांगितलेलं पथ्य वहिनींपर्यंत पोचेतो निम्मं गळतं, आणि कढईत मीठ त्याच घालणार असतात.